खुर्दा आणि राजद्रोह



सोन्यारुप्याच्या नाण्यांवर राजसत्तेची नजर असते आणि खुर्द्याची विवंचना ती दुकानदारांवर सोडून देते, हे पुष्कळ देशांत घडत आले आहे. परंतु ज्याच्याकडे खुर्दा पाडण्याचे काम जाते त्याच्याकडे त्यावर काय कोरावे हा अधिकारही आपोआप जातो, याचा उत्तम दाखला एकोणिसाव्या शतकातील लोअर कॅनडात, म्हणजे सेंट लॉरेन्स नदीकाठच्या फ्रेंचभाषी प्रांतात सापडतो.

अंमल इंग्रजांचा, पण तांब्याची नाणी पुरविण्याची फिकीर विलायत सरकारला नव्हती. तेव्हा व्यापाऱ्यांनी सेनापती वेलिंग्टनच्या मुखवट्याची हलकी नाणी बाहेरून आणविली. 1825 साली अशा खाजगी नाण्यांना कायद्याने अटकाव झाला, तर नव्या नाण्यांवर मागली साले घालण्याची युक्ती निघाली. 1820 हे साल मिरविणारी कित्येक नाणी त्या कायद्यानंतरची आहेत. 1811 साल दिलेल्या एका नाण्यावरील लॅटिन अक्षरे तर अशी संदिग्ध आहेत, की ‘कॅनडाचा छळक’ वाचावे की ‘कॅनडाचा शिकारी’, हे ज्याने त्याने ठरवावे. रोख गव्हर्नर सर जेम्स क्रेग यांच्यावर असल्याचे पुष्कळांचे मत आहे. राजद्रोहाच्या खटल्यात वकिलाला यापरते काय हवे!

पुढे 1835 साली इंग्रजी अंमलाशी झगडणाऱ्या देशभक्त पक्षाच्या मंडळींनी ‘बांक द्यू पप्ल’, अर्थात लोकांची पेढी काढली, आणि तिच्या ‘एक सू’ किमतीच्या नाण्यावर पानाफुलांच्या नक्षीत एक चिमुकला तारा व फ्रेंच राज्यक्रांतीची टोपी अवतरली. 1837 च्या नोव्हेंबरात याच पक्षाचे बंड उसळले, आणि त्या नाण्याला ‘बंडाचा सू’ हे नाव चिकटले.

खाजगी तांब्याचा सुळसुळाट थोपविण्याकरिता सरकारने अखेर चार पेढ्यांना परवाने दिले, व त्यांत ही लोकांची पेढीही होती. त्यांची नाणी बर्मिंगहॅमच्या बोल्टन घराण्याच्या कारखान्यात पडली. 1791 साली आपल्या मुंबई इलाख्याचे तांब्याचे पैसे ज्या बोल्टनने पाडून दिले, त्याच घराण्याचा हा कारखाना. एका बाजूस माँट्रियलचे चिन्ह, दुसऱ्या बाजूस लोकरी टोपी, कमरपट्टा आणि हाती चाबूक असा साधा कॅनडियन शेतकरी. सरकारला त्यात काही वावगे दिसले नाही. पण विलायती मालावर बहिष्कार पुकारून पक्षनेते लुई-जोसेफ पापिनो आणि त्यांचे सहकारी त्याच 1837 साली घरी विणलेल्या जाड्याभरड्या कापडात वावरू लागले होते. दिल्ली दरबारात खादी नेसून गेलेल्या सार्वजनिक काकांचे स्मरण ज्यांना आहे, त्यांना या पोशाखाचा अर्थ निराळा सांगावयास नको. लोकांनी त्या शेतकऱ्याच्या नाण्यास ‘पापिनो’ म्हणण्यास प्रारंभ केला.

बंड मोडले, पापिनो परागंदा होऊन अमेरिकेत गेले, माँट्रियलमध्ये बारा जणांस फाशी झाली. आणि सरकारी परवान्याची ती नाणी मात्र बाजारात बिनहरकत चालत राहिली. 1858 साली कॅनडा प्रांताचे अधिकृत सेंट निघाले, तरी पेढ्यांचे हे तांबे त्यानंतरही कित्येक वर्षे हातोहात फिरत होते.