मोटारीची झिलई



नाशिक हें तांब्यापितळेच्या व चांदीच्या भांड्यांसाठीं पूर्वापार नांवाजलेलें, आणि पुढें सातपूरच्या महिंद्र कारखान्यामुळें मोटारींसाठींहि ओळखलें जाऊं लागलेलें शहर. येथील घरांतून सणावारीं भांडीं उजळतात, तेव्हां वडीलधारी माणसें एक सूचना हटकून देतात : मुलाम्याच्या भांड्यावर हात हलका ठेवा, मुलामा झिजला, कीं आंतलें तांबें दिसूं लागतें. मोटारीची झिलई घरच्या घरीं राखूं इच्छिणाऱ्यानें हीच सूचना प्रथम ध्यानांत धरावी.

१९२३ सालीं अमेरिकेंत 'ड्यूको' नांवाचा झटपट वाळणारा रंग मोटारींवर प्रथम वापरला गेला. त्या जातीच्या रंगांवर निराळें आच्छादन नसे. ऊनपावसानें त्यांचा पृष्ठभाग निस्तेज होई, आणि तो मेलेला थर पॉलिशनें वारंवार काढावा लागे. वरचेवर पॉलिश करण्याची जुनी रीत त्या काळीं योग्यच होती. आजच्या मोटारीची गोष्ट वेगळी. १९८० नंतर रंगावर पारदर्शक रोगणाचा थर देण्याची पद्धत रूढ होत गेली. या थराची जाडी साधारणतः ४० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरील केसाहूनहि कमी असते. झिलई आणि उन्हापासून रक्षण, दोन्ही त्याच्याच आधारावर. तो झिजून गेला, कीं मोटार पुन्हा रंगविण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आपल्या मोटारीचा रंग कोणत्या जातीचा, हें ओळखणें सोपें आहे. एखाद्या आडोशाच्या जागीं पांढऱ्या कापडावर थोडें पॉलिश घेऊन चोळावें. कापडाला मोटारीचा रंग लागला, तर वर निराळें आच्छादन नाहीं. न लागला, तर वर पारदर्शक रोगण आहे, आणि आपला हात मुलाम्यावर आहे असें समजावें.

पॉलिश आणि मेण हे शब्द आपण सरसकट एकाच अर्थानें वापरतों. परंतु त्यांचीं कामें परस्परांच्या उलट आहेत. पॉलिशमध्यें अतिशय बारीक खर असते. ती ओरखड्याच्या कडा घासून पृष्ठभाग सपाट करते, म्हणजे थोडें रोगण काढूनच घेते. मेण कांहीं काढीत नाहीं. तें वर पातळ थर चढवितें. ब्राझीलमधील कार्नोबा ताडाच्या पानांपासून मिळणारें मेण यासाठीं विशेष उपयोगी, कारण तें सुमारें ८२ अंश सेल्सियसला वितळतें. मधमाशांचें मेण ६२ अंशांच्या सुमारासच वितळतें. म्हणून पॉलिश क्वचित् करावें, मेण मात्र वेळोवेळीं द्यावें.

ओरखडे येतात कोठून? बहुतेक आपल्याच फडक्यांतून. रोज सकाळीं एकाच बादलींत तेंच फडकें बुचकळून धुळीनें माखलेली मोटार पुसणें, म्हणजे ती वाळूनें घासणेंच होय.

काम सकाळीं, सावलींत, पत्रा थंड असतांना करावें. प्रथम पाण्याच्या धारेनें धूळ वाहून जाऊं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या : एकींत मोटारीच्या शांपूचें पाणी, दुसरींत स्पंज खळबळण्यासाठीं स्वच्छ पाणी. टपापासून आरंभ करून खालीं यावें. शेवटीं मायक्रोफायबरच्या कापडानें पाणी टिपून घ्यावें; बोअरचें जड पाणी पत्र्यावरच सुकलें, तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

आतां ओरखड्यावरून नख हलकेंच फिरवावें. नख अडलें, तर ओरखडा खोल आहे. त्याच्या मागें लागूं नये. न अडल्यास सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन हातभर चौरस जागेंत प्रयोग करावा. स्पंजावर वाटाण्याएवढे दोनतीन ठिपके पुरेत. कडा व कोपरे यांवर रोगण पातळ असतें, तीं ठिकाणें वगळावीं. प्रयोग साधला, तरच पुढें जावें. खालीं पडलेलें कापड धुतल्यावांचून पुन्हा वापरूं नये.

मेण जितकें पातळ लावाल तितकें चांगलें. तें धुरकट दिसूं लागलें, कीं बोट फिरवून पाहावें. बोटाखालीं स्वच्छ चमक दिसली, म्हणजे दुसऱ्या कोरड्या कापडानें पुसून काढावें. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना मात्र मेण लागूं देऊं नये. पांढरे डाग पडतात.

मेणाचा एक हात मेअखेर, पावसापूर्वीं, आणि दुसरा दसऱ्याच्या आधीं द्यावा. मध्यंतरीं पत्र्यावरील पाण्याचे गोल थेंब न होतां तें पसरूं लागलें, तर आणखी एक द्यावा. पॉलिश मात्र वर्षांतून एकदांहि लागेलच असें नाहीं.

ज्यांच्या घरीं मोटार पुसावयास माणूस येतो, त्यांनीं त्याला उद्यांच दुसरी बादली आणि स्वच्छ कापडांचा एक जोड द्यावा. महागड्या पॉलिशच्या डब्यापेक्षां तेवढ्यानें मोटारीचें अधिक हित होईल.