वगळलेला धडा

(ऊर्जानगर येथे विज्ञान-शिक्षक व कामगार यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



आपल्या वसाहतीला ऊर्जानगर हे नाव मिळाले ते वीज केंद्रामुळे. १९८३ साली येथील पहिला संच सुरू झाला. या केंद्राच्या भट्ट्यांत जळणारा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी अरण्ये. कोळशाच्या थरांलगतच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. ती वनस्पती आज पृथ्वीवर कोठेही नाही. या खडकांना भूशास्त्रज्ञांनी गोंडवन हे आपल्याच मुलखाचे नाव दिले, आणि तेच नाव पुढे एका प्राचीन महाखंडाला मिळाले. सजीवसृष्टी बदलत आली आहे याचा पुरावा आपण रोज जाळतो आणि त्यावर घरातले दिवे लावतो. तरीही उत्क्रांतीचा सिद्धान्त शाळेत शिकवावा की नाही, यावर या देशात वाद व्हावा, याचे मला नवल वाटते.

जानेवारी २०१८ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आणि तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) सांगितले की, डार्विनचा सिद्धान्त चूक आहे. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही. अभ्यासक्रम बदलला पाहिजे. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्यांचे म्हणणे खोडून काढले. परंतु पुढे २०२२ साली, कोरोनानंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या नावाखाली, केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला. ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणातील ‘उत्क्रांती’ गेली. एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी खुले पत्र लिहून त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय ठेवला आहे, हे खरे. पण दहावीनंतर जो मुलगा जीवशास्त्र घेत नाही, किंवा जी मुलगी शाळाच सोडते, त्यांना तो पुन्हा कोण शिकवणार?

महाराष्ट्राच्या राज्य मंडळासाठी २०१८ साली निघालेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. याचे श्रेय दिले पाहिजे. परंतु धडा पुस्तकात असणे वेगळे आणि तो शिकवला जाणे वेगळे. मी विद्यार्थी असताना हा विषय वर्गात आला, तेव्हा शिक्षक म्हणाले, “हे घरी वाचून या, यावर एखादाच प्रश्न येतो.” घरी कोणी वाचले नाही. धडा वगळण्याचे काम केवळ दिल्लीत होत नाही. ते आपल्या वर्गांतही होत आले आहे.

त्याची किंमत कोण देतो? वरोरा, राजुरा, कोरपना या तालुक्यांतील कापूस उत्पादकांना विचारा. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचे वाण आले. बोंडअळीची चिंता मिटली, असे सांगण्यात आले. २०१७ च्या हंगामात याच वाणांची बोंडे फोडली, तर आत गुलाबी अळी. शेतकरी म्हणाला, बियाणे खोटे निघाले. कोणी म्हणाले, अळीला विषाची सवय झाली. पण कोणत्याही एका अळीने विष पचवण्याची विद्या शिकलेली नाही. लाखो अळ्यांत थोड्या अशा होत्या की ज्यांच्यावर विषाचा परिणाम मुळातच कमी होत होता. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि पुढची पिढी यांचीच झाली. निवड शेताने केली. डार्विनने १८५९ साली जे मांडले, त्याचा गाभा हाच आहे.

म्हणूनच बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटीची लहान पुडी दिली जात असे. शेताच्या कडेने ते पेरले, की विषाला बळी पडणाऱ्या अळ्या तेथे जगतात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होतो आणि प्रतिकारशक्तीचा फैलाव मंदावतो. बहुतेकांनी ती पुडी पेरली नाही. मुद्दाम अळीला चारायचे कशाला, असेच त्यांना वाटले. फरदड ठेवल्याने अळीला हंगाम संपल्यावरही अन्न मिळाले. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. त्याला पुडी दिली; पुडीमागचे कारण समजेल असे शिक्षण कोणी दिले? ज्याला निसर्गनिवड कळते, तो कंपनीला योग्य प्रश्न विचारतो: हे वाण किती वर्षे टिकेल, आणि पुढे काय?

दुसरे उदाहरण याहून जिव्हाळ्याचे आहे. गडचिरोली-चंद्रपुरातील आदिवासींत, तसेच पूर्वाश्रमीच्या महार, कुणबी, तेली अशा अनेक समाजांत सिकलसेल आढळतो. असे का, याचे उत्तर अजून अनेक घरांत शाप, पाप किंवा सुनेचा पायगुण असे दिले जाते. १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की या दोषाचे एकच जनुक ज्याच्याजवळ असते, त्याला जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता, तेथे हे जनुक टिकून राहिले. वाहक हा रोगी नव्हे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. आणि हे जनुक आईकडून जितके येते तितकेच बापाकडून येते. एवढे दहावीच्या वर्गात नीट समजले तर लग्नाआधी रक्त तपासण्यात लाज वाटणार नाही आणि आजारी मुलासाठी एकट्या आईला बोल लावला जाणार नाही.

एक गैरसमज आपल्या चळवळीतही आहे. ‘बळी तो कान पिळी’ म्हणजेच डार्विन, अशी समजूत करून घेऊन काही जण या सिद्धान्ताकडे संशयाने पाहतात. ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो नंतर उचलला. त्यातील ‘लायक’ याचा अर्थ श्रेष्ठ असा नाही. त्या परिस्थितीत टिकणारा, इतकाच आहे. परिस्थिती पालटली की लायकीही पालटते. सायबेरियात हिंडलेल्या क्रोपोटकिनने तर १९०२ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की परस्परसाहाय्य हेही प्राण्यांच्या टिकून राहण्याचे मोठे साधन आहे. शिवाय निसर्गात काय घडते, यावरून समाजात काय घडावे, हे ठरत नाही. ते आपल्याला ठरवावे लागते. साऱ्या माणसांचे पूर्वज एक आहेत, हे मात्र हा सिद्धान्त निःसंदिग्धपणे सांगतो. जन्मावरून उच्चनीच ठरवणाऱ्यांना तो का खुपतो, हे यावरून ध्यानात यावे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती साधी आहे. हा पहिला धडा पहिल्याप्रमाणेच शिकवा. वर्गात किडके बोंड न्या, खाणीतला पानाचा ठसा न्या. कामगार बंधुभगिनींनी आज घरी गेल्यावर मुलांना एवढेच विचारावे: तो धडा झाला का? झाला नसेल, तर शाळेत जाऊन का झाला नाही, ते विचारावे.