वळूचा दाखला मागा
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



गाय उलटली की पहिला दोष कोणाच्या माथी बसतो? शेतकऱ्याच्या. माज ओळखला नाही, खुराक कमी पडला, खनिज मिश्रण दिले नाही. ही कारणे खोटी नाहीत. बहुतेक गायी याच कारणांनी किंवा गर्भाशयाच्या आजाराने उलटतात, हे आम्हालाही मान्य आहे. पण सगळे वेळेवर करूनही काही गायी दर २१ दिवसांनी पुन्हा माजावर येतात. तेव्हा दोष बापाकडून आलेला असू शकतो, ही गोष्ट मात्र आम्हाला कोणी सांगत नाही.

जनावराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रे असतात. गायीत ६०, आपल्याकडच्या म्हशीत ५०. निम्मी आईची, निम्मी बापाची. १९६४ साली स्वीडनमध्ये गुस्ताव्हसन नावाच्या शास्त्रज्ञाला तिथल्या तांबड्या-पांढऱ्या गायींत ६० ऐवजी ५९ गुणसूत्रे असलेली जनावरे सापडली. पहिल्या क्रमांकाचे गुणसूत्र आणि २९ व्या क्रमांकाचे गुणसूत्र एकमेकांना चिकटून एकच झाले होते. पुढे हाच दोष इतर अनेक देशांतल्या जातींतही आढळला.

असे जनावर दिसायला धडधाकट असते. वळू असेल तर अंगाने भरलेला, रेतही चांगले. गोम आहे ती पुढे. बीज तयार होताना वाटणी बिघडते. काही गर्भांना एक गुणसूत्र जास्त मिळते, काहींना एक कमी. असा गर्भ सुरुवातीलाच मरतो आणि गाय उलटते. जी वासरे जगतात, त्यांतली साधारण निम्मी हाच दोष घेऊन येतात. म्हणजे बापाचा दोष लेकींच्या गोठ्यात उतरतो. गाय एकदा उलटली की २१ दिवसांचा चारा, पेंड आणि मजुरी वाया. हा हिशेब दुधाच्या दरात कोणी धरत नाही.

तपासणी अवघड नाही. जनावराचे थोडे रक्त घेतात, प्रयोगशाळेत त्यातल्या पांढऱ्या पेशी सुमारे तीन दिवस वाढवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात. गुणसूत्रे जन्मभर तीच राहतात, त्यामुळे एकदा तपासले की पुरे. प्रत्येक गायीची तपासणी करा, असे आम्ही म्हणत नाही. तो खर्च परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. गाय वर्षाला एक वासरू देते; एका वळूच्या कांड्या हजारो गायींपर्यंत जातात. म्हणून तपासायचा तो वळू. स्वीडनने हेच केले. दोष असलेले वळू कृत्रिम रेतनातून काढून टाकले.

एक तपासणी तर घरच्या घरी, बिनखर्चाची आहे. जुळ्यात एक कालवड आणि एक गोऱ्हा झाला, तर शंभरातल्या नव्वदहून अधिक कालवडी वांझ निघतात. पोटात दोघांचे रक्त मिसळते आणि गोऱ्ह्याच्या प्रभावाने कालवडीचे गर्भाशय नीट वाढत नाही. अशी कालवड दुधाच्या आशेवर तीन वर्षे पोसण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आईला दोष देऊ नका. तिचे पुढचे वेत चांगले येईल.

आता मागणीचे बोलू. रेत केंद्रांसाठी केंद्र सरकारने जी किमान मानके ठरवली आहेत, त्यांत वळूच्या गुणसूत्रांची तपासणी सांगितलेली आहे. नियम आहे, पण त्याचा कागद गोठ्यापर्यंत येत नाही. गावात फिरणाऱ्या वळूला तर कोणताच कागद नाही. आम्ही अनुदान मागत नाही. पैसे मोजून माल घेतो, त्या मालाचा दाखला मागतो.

म्हणून तीन ठराव मेळाव्यापुढे ठेवत आहोत. एक, कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक प्रत्येकाने तारखेसह वहीत लिहावा. दोन, एकाच वळूच्या गायी किंवा त्याच्या लेकी गावात वारंवार उलटत असतील, तर सगळ्या वह्या एकत्र करून तक्रार करावी. एकट्याची तक्रार नशिबावर ढकलली जाते, वीस वह्या ढकलता येत नाहीत. तीन, वळूच्या तपासणीचा दाखला दूध संस्थेच्या फळ्यावर मराठीत लावल्याशिवाय त्याच्या कांड्या घेऊ नयेत.

ठराव मान्य असतील तर हात वर करा, आणि उद्या सकाळी धार काढण्याआधी वही उघडा.