गायरानातले तण कोणी काढायचे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला 'गायरानातील तणांचे नियंत्रण' हा विषय देण्यात आला होता. त्यात मी थोडा बदल केला आहे. गाजरगवत कसे काढावे, हे आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते कोणी काढावे हे गावात ठरत नाही, आणि म्हणूनच ते निघत नाही. तेव्हा आज आपण आधी 'कोणी' याचा विचार करू आणि मग 'केव्हा' व 'कसे' याकडे वळू.

गेल्या पावसाळ्यात एका गावी शिवारफेरीसाठी जाण्याचा योग आला. गावाला चांगले मोठे गायरान आहे. ऑगस्टचा महिना होता. लांबून पाहिले तर सगळे रान पांढऱ्या फुलांनी भरलेले. जवळ जाऊन पाहिले, तर गवत फक्त दगडांच्या आडोशाला आणि काटेरी झुडपांच्या बुडाशी उरलेले. बाकी सारे गाजरगवत. मी विचारले, "हे कोणी काढायचे?" उत्तरे चार मिळाली.

आठ म्हशींचे मालक म्हणाले, "जागा पंचायतीची, काम पंचायतीचे." सरपंच म्हणाले, "जनावरे तुम्ही चारता, मग तण आम्ही का काढायचे?" चार शेळ्या राखणाऱ्या एक आजी म्हणाल्या, "आठ म्हशीवाला वाकत नाही, तर मी का वाकू?" आणि ज्यांचे शेत गायरानाला लागून आहे ते म्हणाले, "मी तिथे एक शेरडूही चारत नाही. पण बी उडून येते ते माझ्या कांद्यात. खुरपणीचा खर्च माझा, आणि खुरपणाऱ्या बायांच्या हातांना खाज सुटते ती वेगळीच."

बंधूंनो, चौघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. पण ही चर्चा चालू असताना पायाखालचे बी पिकत होते.

जमीन कोणाची, वापर कोणाचा?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार गावच्या जनावरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. कलम २३ नुसार अशा जमिनीवर चराईचा हक्क त्या गावच्या किंवा ज्या गावांना ती नेमून दिली असेल त्या गावांच्या जनावरांपुरताच असतो. म्हणजे जमीन शासनाची, देखरेख सामान्यतः ग्रामपंचायतीची आणि वापर जनावरे पाळणाऱ्यांचा. ज्या जमिनीला असे तीन धनी, तिची निगा राखायला एकही धनी पुढे येत नाही, हा आपला नेहमीचा अनुभव आहे.

यावर मी एक साधा नियम सुचवतो. दर वर्षी करावे लागणारे काम वापरणाऱ्याचे आणि वर्षानुवर्षे टिकणारे काम जमीन सांभाळणाऱ्याचे. गाजरगवत, तरोटा यांसारखी पावसाबरोबर उगवणारी तणे उपटणे हे दर वर्षीचे काम आहे. ते जनावरे चारणाऱ्यांनी करावे. हद्दीची मोजणी व खुणा, कडेचा चर किंवा कुंपण, घाणेरीची जुनी बेटे मुळासकट खणून काढणे, सुधारित गवताचे बियाणे व ठोंब आणणे ही टिकणारी कामे आहेत. ती ग्रामपंचायतीने करावीत. कुरणविकासाची कामे सार्वजनिक रोजगाराच्या योजनेतून घेता येतील काय, याचीही तिने चौकशी करावी.

खासगी कुरण मक्त्याने घेतले असेल तरी हाच नियम लावावा. मक्ता ठरताना पैशाचे बोलणे होते, पण तणाचे होत नाही. मक्तेदार म्हणतो, मी एका वर्षाचा पाहुणा. मालक म्हणतो, गवताचे पैसे घेतले, आता रान त्याचे. म्हणून कागदावर दोन ओळी जादा लिहाव्यात: हंगामी तण फुलोऱ्यापूर्वी मक्तेदाराने उपटावे, झुडपे, बांध व बियाणे मालकाने पाहावे.

वाटणी कशी करावी?

"सर्वांनी मिळून श्रमदान करू" असा ठराव मोघम राहतो. पहिल्या दिवशी पन्नास माणसे येतात, दुसऱ्या दिवशी पाच. काम जनावरांच्या संख्येप्रमाणे वाटले, तर कोणाची तक्रार राहत नाही. एक मोठे जनावर म्हणजे एक वाटा आणि पाच शेळ्या किंवा मेंढ्या म्हणजे एक वाटा, असे धरावे. वासरे सोडून द्यावीत.

उदाहरणादाखल २० हेक्टरांचे गायरान घ्या. तिथे ८० मोठी जनावरे आणि १०० शेळ्या-मेंढ्या चरतात असे समजू. मोठ्या जनावरांचे ८० वाटे आणि शेळ्या-मेंढ्यांचे २० वाटे, मिळून १०० वाटे झाले. उपटणीच्या प्रत्येक फेरीला एका वाट्यामागे एक माणूस-दिवस ठरवला, तर १०० माणूस-दिवस मिळतात. म्हणजे हेक्टरी ५ माणसे. आठ म्हशींच्या मालकाकडे आठ दिवस येतात. त्याला स्वतः वाकायला जमत नसेल, तर त्याने आठ मजुरांची मजुरी द्यावी. चार शेळ्यांच्या आजींकडे पुरता एक दिवसही येत नाही. त्यांनी एक सकाळ दिली की पुरे. प्रत्येकाचा तुकडा चुन्याची रेघ मारून नेमून द्यावा आणि नावांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावावी. तण फार दाट असेल, तर पहिल्या वर्षी माणसे जास्त लागतील, हे मात्र लक्षात ठेवावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. तण काढण्याच्या निमित्ताने भूमिहीनांच्या शेळ्या गायरानाबाहेर काढण्याचा विचार कोणी करू नये. ज्याला स्वतःचा बांध नाही, त्याला गायरानाचाच आधार असतो.

लगतच्या शेतकऱ्याने आपल्या बांधाच्या दोन्ही अंगांचे तण काढावे. त्याच्या मोबदल्यात गायरानातली उपटणी त्याच्या कडेपासून सुरू करावी. वारा आणि पाणी बी घेऊन प्रथम त्याच्याच शेतात जातात.

घाई कशासाठी?

गाजरगवत, म्हणजेच आपले काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी, आपल्याकडचे मूळचे नाही. ते अमेरिका खंडातले तण आहे. पुण्यात त्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास झाली. आयात गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. तिथून ते देशभर पसरले.

त्याचे बळ बियांत आहे. चांगले वाढलेले एक झाड १५ ते २५ हजार बिया देते. बी बारीक व हलके असते. ते वारा, ओढ्याचे पाणी, मुरमाच्या गाड्या, जनावरांचे खूर आणि न कुजलेले शेणखत यांबरोबर पसरते. ओल मिळाली की लगेच उगवते आणि उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत फुलावर येते. ओल टिकली तर एका वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होतात. उपटणीला पंधरा दिवस उशीर झाला, तर पुढची कित्येक वर्षे त्याच जागी वाकावे लागते, ते यामुळेच.

जनावरे ते सहसा खात नाहीत. दुष्काळात पोटाला काही नसले म्हणजे खातात, आणि मग दुधाला कडवटपणा येतो. माणसांना त्वचेचा दाह, शिंका व दम्याचा त्रास होतो. घाणेरीचा पाला खाल्ल्याने जनावरांचे यकृत बिघडते, कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊन सोलते. असे जनावर सावलीत बांधून ताबडतोब पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवावे.

केव्हा व कसे?

उपटणीच्या तीन फेऱ्या ठरवाव्यात.

१) पहिली फेरी: चांगला पाऊस झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी. या वेळी रोपे जमिनीलगत पानांच्या चक्रासारखी पसरलेली असतात, जमीन मऊ असते व मूळ सहज निघते.

२) दुसरी फेरी: ऑगस्टच्या मध्यापूर्वी. १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या वेळी फेरी काढून राहिलेले तुकडे पाहावेत, मात्र काम त्याच्या आधी उरकावे.

३) तिसरी फेरी: परतीच्या पावसानंतर. ही फेरी बहुतेक गावांत राहून जाते, आणि नंतर उगवलेली झाडे रब्बीच्या पिकांत बी टाकतात.

झाड मुळासकट उपटावे. विळ्याने वरून कापल्यास बुडातून पुन्हा फुटते. हातमोजे नसतील, तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. दमा किंवा खाज असलेल्यांना आणि शाळेतील मुलांना या कामाला लावू नये.

फुले येण्यापूर्वी उपटलेले तण शेणकाल्याबरोबर कंपोस्ट खड्ड्यात किंवा नाडेप टाकीत घालावे. त्याचे चांगले खत होते. फुले आलेली झाडे मात्र उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. ती एका जागी गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत व वर मातीचा जाड थर द्यावा. गायरान पेटवून देऊ नये. त्याने चांगल्या गवताचे बीही जळते.

चराईच्या जमिनीवर तणनाशक हा पहिला उपाय मानू नये. २,४-डी हे तणनाशक रुंद पानांची तणे मारते व गवत राखते, हे खरे आहे. पण वाऱ्याबरोबर त्याचा फवारा कपाशी, द्राक्ष, टोमॅटो किंवा भेंडीवर गेला, तर पीक वेडेवाकडे होते आणि तणाच्या भांडणातून नुकसानभरपाईचे भांडण उभे राहते. शिवाय फवारलेल्या जागी काही दिवस जनावरे सोडता येत नाहीत. फवारणी करायचीच झाली, तर कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, लेबलवरील सूचना पाळाव्यात आणि गावात दवंडी द्यावी.

ओढ्याकाठी व रस्त्याच्या कडेला, जिथे कोणाचाच वाटा लागत नाही, तिथे मेक्सिकन भुंग्याची मदत घ्यावी. हा भुंगा आपल्या देशात १९८३ मध्ये आणला गेला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात. एका जागी ५०० ते १००० भुंगे सोडावेत आणि तिथे फवारणी करू नये. पावसाळ्यात तो चांगले काम करतो. थंडी-उन्हाळ्यात जमिनीत सुप्त राहतो, म्हणून उपटणीला तो पूरक समजावा.

मोकळी जागा गवताने भरा

तण हा रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. बारमाही चराईने गवताचे खोड थकते, ते बी धरत नाही, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर जनावरे खात नाहीत ते वाढते. म्हणून गायरानाचे चार भाग पाडावेत. त्यांत आळीपाळीने चराई करावी आणि दर वर्षी एक भाग गवताचे बी पडेपर्यंत पूर्ण बंद ठेवावा. म्हणजे चार वर्षांत सर्व भागांना विश्रांती मिळते. तण काढलेल्या जागी पावसाच्या सुरुवातीला मारवेलचे ठोंब लावावेत. हलक्या जमिनीत स्टायलो व अंजन पेरावे. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच कापून चाऱ्यासाठी न्यावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदीचा नियम स्वतःवर घालून घेतला आणि त्यामुळे तिथे गवत व पाणी दोन्ही वाढले, हे आपण ऐकले आहेच.

ज्या गावाची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, तिथे त्या दिवशी निर्णय झाला नाही. सगळे घरी गेले. पण त्या शेळीवाल्या आजी जाता जाता म्हणाल्या, "साहेब, माझा तुकडा आखून द्या. मी उद्या येते." मला वाटते, त्यांनी सर्वांत नेमके उत्तर दिले. जोवर काम सर्वांचे असते तोवर ते कोणाचेच नसते. तुकडा आखला, नाव लागले आणि तारीख पडली, की ते होते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढील ग्रामसभेत तीनच गोष्टी ठरवा: जनावरांची मोजणी, तुकड्यांची यादी आणि पहिल्या फेरीची तारीख. ती तारीख कोणाच्या सोयीने ठरवू नका. गाजरगवताच्या फुलोऱ्याआधीची ठेवा.