जुन्या मोटारींचा मेळा आणि नगराची तिजोरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेट्रॉइटपासून पाँटियॅकपर्यंत जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा प्रशस्त रस्ता आहे. दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर जुन्या मोटारींचा मेळा भरतो. सुमारे २० हजार वस्तीच्या फर्नडेल गावातील रहिवाशांनी १९९५ साली तो सुरू केला. मुलांच्या फुटबॉलच्या मैदानासाठी निधी उभारावा, एवढाच हेतू होता. परंतु पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लाख माणसे लोटली. आता ४० हजार मोटारी आणि १० लाख प्रेक्षक असा अंदाज सांगितला जातो. प्रेक्षकांना तिकीट नाही. घरची खुर्ची आणावी, रस्त्याच्या कडेला मांडावी आणि दिवसभर बसावे.

असे मेळे, लहान प्रमाणावर का होईना, अमेरिकेच्या कितीतरी गावांत भरतात. त्यांचे संयोजक नगरपरिषदेकडे अर्ज करतात : मैदानाचे भाडे कमी करा, परवान्याचे शुल्क माफ करा, पोलीस आणि सफाईचा खर्च नगराने सोसावा. लोकांच्या पैशाचा राखणदार म्हणून बसलेल्या समाजवादी विचाराच्या सभासदाने अशा ठरावावर हात वर करावा की करू नये, हा आजचा प्रश्न आहे.

पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. मोटार ही श्रीमंतांची हौस. तिच्यासाठी नगराने पदर का झिजवावा? परंतु वुडवर्डवर हा आक्षेप टिकत नाही. याच रस्त्यावरील हायलंड पार्कच्या कारखान्यात फोर्डने १९१३ साली मोटारींच्या जुळणीचा सरकता पट्टा आणला. त्या यांत्रिक कामाला विटून मजूर नोकरी सोडू लागले, तेव्हा १९१४ च्या जानेवारीत ५ डॉलरचा रोज जाहीर करावा लागला. पुढे १९३६-३७ च्या हिवाळ्यात याच राज्यातील फ्लिंट येथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी ४४ दिवस कारखान्यात ठिय्या देऊन आपल्या संघटनेस मान्यता मिळवली. या परिसरात मोटारीच्या कारखान्यात राबलेली घराणी दाट आहेत. आजोबाने जोडलेली गाडी नातू पुसून रस्त्यावर आणतो, तेव्हा ती निव्वळ चैनीची वस्तू राहत नाही. तो श्रमाचा वारसा असतो. आणि तो विनामूल्य पाहता येतो. लोकांच्या निर्भेळ आनंदाचे वावडे असणारा समाजवाद लोकांचा होऊ शकत नाही.

म्हणून सवलत द्यावी. परंतु कशाची द्यावी, हे पारखून घेतले पाहिजे. शुल्क या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. शनिवारी मोकळे पडलेले मैदान दिल्याने नगराचे काही झिजत नाही. ते भाडे सोडून द्यायला हरकत नाही. परंतु त्या दिवशी जादा तास उभा राहणारा पोलीस आणि रात्री कचरा उचलणारा सफाई कामगार यांची मजुरी हा खराखुरा खर्च आहे. ठरावात 'माफ' असा शब्द घातल्याने तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी जातो. भाडे माफ करता येते, मजुरी माफ करता येत नाही.

संयोजक सांगतात की मेळ्यामुळे धंदा वाढतो, तेव्हा नगराचा पैसा नगरालाच परत मिळतो. हे अर्धसत्य आहे. धंदा वाढतो, पण तो खाणावळींचा आणि दुकानदारांचा. मिशिगनमध्ये विक्रीकर राज्याकडे जातो. नगरांना स्वतःचा विक्रीकर बसवता येत नाही, त्यांची मुख्य भिस्त मालमत्ता करावर असते. सबब मेळ्याच्या दिवशी गल्ला दुप्पट झाला, तरी नगराच्या तिजोरीत त्यामुळे थेट भर पडत नाही. ज्यांचा गल्ला भरतो त्यांच्याकडून, आणि मेळ्यावर आपल्या नावाची पाटी लावणाऱ्या मोटार कंपन्यांकडून, मजुरीचा खर्च पुरेपूर घेणे हाच न्याय होय.

येथे प्रमाणाचेही भान हवे. चार मोटारप्रेमींच्या अर्जावर तासभर खल करणारी नगरे भांडवलदारापुढे किती उदार होतात, याचा दाखला डेट्रॉइटमध्येच आहे. १९८१ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यासाठी तेथील पोलटाऊन ही वस्ती नगराने सक्तीने संपादन केली. ४ हजारांहून अधिक माणसे उठवली गेली, चर्चही पाडली गेली. आश्वासन होते ६ हजार रोजगारांचे. पुढील वर्षांत प्रत्यक्ष रोजगार त्याच्या पुष्कळ खाली राहिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी हे संपादन उचलून धरले आणि २००४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तो निवाडा स्वतःच मोडीत काढला. तोवर वस्ती केव्हाच गेली होती. तेव्हा सवलतीचा हिशोब विचारायचा तो आधी अशा ठिकाणी.

हा प्रश्न परका समजू नये. मंडपाचे भाडे, मैदानाचे शुल्क, मेळ्यांचा बंदोबस्त यांचे ठराव आपल्या नगरपालिकांपुढेही येतात. पूर्वी मुंबईच्या बाजारात येणाऱ्या मालावर महापालिकेला जकात तरी मिळे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि ती संपली. 'धंदा वाढला की पालिकेला मिळतेच' हे म्हणणे येथेही आता पूर्वीइतके खरे नाही. उद्या कोणी प्रीमियर पद्मिनीचा मेळा भरवू म्हटले, तर त्याला मैदान जरूर द्यावे. कुर्ल्याच्या कारखान्यात कामगारांनी घडवलेली ती गाडी टॅक्सी म्हणून पिढ्यान्पिढ्या मुंबईकरांना वाहून नेत होती आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. तिची आठवण ही शहराची ठेव आहे.

मात्र अशा प्रत्येक ठरावावर कार्यकर्त्याने चार गोष्टी मागाव्यात. प्रवेश सर्वांना विनामूल्य असावा. जादा काम करणाऱ्या प्रत्येक कामगाराला, तो कंत्राटी असला तरी, जादा मजुरी मिळावी. माफ केलेली रक्कम अनुदान म्हणून अंदाजपत्रकात उघड दाखवावी, म्हणजे पुढच्या वर्षी तिच्यावर चर्चा करता येईल. आणि शिल्लक उरली तर ती कोणत्या सार्वजनिक कामी लागली, याचा जमाखर्च प्रसिद्ध व्हावा. फर्नडेलच्या रहिवाशांना मुलांसाठी मैदान हवे होते. मोटारी हे त्याचे साधन होते. ज्या मेळ्याला असे मैदान डोळ्यांसमोर दिसते, त्याच्या बाजूने हात वर करावा. ज्याला फक्त प्रायोजकाची पाटी दिसते, त्याच्याकडून पुरे भाडे घ्यावे.