सुधारित चुलवाण आणि देशोदेशींचे एकस्व



लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावात झाला. ती कल्पकता या भूमीत आजही आहे. समजा, निपाणीकडील एखाद्या कारागिराने गुऱ्हाळाचे चुलवाण असे सुधारले की चिपाड कमी लागते व धूरही घटतो. ते इतर ऊसउत्पादक देशांनाही उपयोगी पडेल. परंतु भारतातील एकस्व, म्हणजेच पेटंट, देशाच्या सीमेपर्यंतच चालते.

म्हणून क्रम ध्यानी ठेवावा. प्रदर्शनात मांडण्यापूर्वी अर्ज करावा. जगजाहीर झालेली युक्ती सामान्यतः नवी मानली जात नाही. पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत परदेशी अर्ज केल्यास मूळ तारखेचा लाभ मिळतो. भारत १९९८ मध्ये पेटंट सहकार्य करारात सामील झाला. त्यान्वये एक आंतरराष्ट्रीय अर्ज केल्यास, देश निवडण्यास पहिल्या तारखेपासून बहुधा ३० महिने मिळतात. मात्र हे जागतिक एकस्व नव्हे. निर्णय व शुल्क प्रत्येक देशाचे वेगळे.

परदेशी कारखाना काढणे न झाल्यास तेथील उत्पादकास परवाना द्यावा व स्वामित्वधन घ्यावे. मालकी आपलीच राहते. अर्जाचे नेमके वर्णन लिहिण्यास शिक्षकांनी साह्य करावे. आपल्या गुऱ्हाळांना मात्र परवाना अल्प मोबदल्यात मिळावा; धूर प्रथम येथला हटला पाहिजे.