जुन्या काठांचा राजवेष

स्नेहसंमेलनं आणि एकांकिका स्पर्धांचे दिवस आले, की कपडेपटाचा प्रश्न उभा राहतो. भाड्याचे कपडे आणावेत, तर खर्च फार आणि माप कुणाचंच नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, की आधी घरातली ट्रंक उघडा.

दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला कापडाची किंमत दिसत नाही. त्याला दिसतो रंग, घेर आणि अंगावर बसलेलं माप. आजीची विरलेली नऊवारी घ्या. मधलं कापड गेलेलं असतं, पण काठ बहुधा शाबूत असतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दोन्ही बाजू धरल्या, तर सोळा मीटरपर्यंत काठ हाती लागतो. तो उसवून साध्या सुती अंगरख्याला लावा आणि पदराचा शेला करा, की झाला राजा. शिवताना माया मात्र भरपूर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच अंगरखा थोराड मुलालाही होईल.

पांढरंशुभ्र कापड दिव्याखाली डोळ्यांवर येतं. सुती असेल, तर चहाच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढा. टेरिकॉटवर हा रंग नीट चढत नाही. लाल प्रकाशात हिरवा रंग काळपट दिसतो, तेव्हा कापड ठरवण्याआधी प्रकाशयोजना करणाऱ्याशी बोला.

आता मुकुट. थर्माकोलचा नको, तो तालमीतच तुटतो. खोक्याचा पुठ्ठा घ्या, दोऱ्याने डोक्याचा घेर मोजा आणि बोटभर सैल कापा. त्यावर मैद्याच्या खळीने वर्तमानपत्राचे तीन थर चिकटवा. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, घाई केली तर आतून बुरशी धरते. मग सुतळी डिंकात भिजवून वेलबुट्टी बसवा. वाळल्यावर सगळा मुकुट आधी गडद तपकिरी रंगवा आणि जवळजवळ कोरड्या ब्रशाने फक्त उंचवट्यांवर सोनेरी रंग फिरवा. खाचांत तपकिरी रंग राहतो, त्यामुळे नक्षी कोरल्यासारखी उठते. नुसता सोनेरी फासलेला मुकुट दुरून सपाट दिसतो. आतून जुन्या बनियनची पट्टी लावा. ती घाम टिपते आणि मुकुट घसरत नाही.

एका बाबतीत काटकसर करू नका. कागद, गोणपाट लगेच पेट घेतात आणि सिंथेटिक कापड वितळून कातडीला चिकटतं. नाटकात पणती किंवा मशाल असेल, तर ती विजेवरचीच वापरा.

आणि तयार झालेला वेष प्रयोगाच्या दिवसापर्यंत पिशवीत ठेवू नका. निदान आठवडाभर आधी तो घालून तालीम करा. बसता येतं का, हात वर जातो का, धोतरात पाय अडकतो का, हे तेव्हाच कळतं आणि दुरुस्तीलाही वेळ मिळतो.